बादलीत आयन मावत नाहीत

पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्याच शेवटच्या प्रवासाचा आहे, तेव्हा जरा वेळ काढून वाचा.

येत्या शुक्रवारी आपल्या नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर गटारी, पथदिवे, बाजारकट्ट्याचं भाडं असे नेहमीचे विषय आहेत. शेवटून दुसरा विषय मात्र नीट वाचा : "विद्युतदाहिनीच्या कॉइलला रेअर अर्थ आयन तंत्रज्ञानाचा संरक्षक लेप देणेकामी येणाऱ्या खर्चास मंजुरी देणे." खाली टिपणीत लिहिलंय की या लेपाने कॉइलचं आयुष्य कैक पटींनी वाढेल आणि असं तंत्रज्ञान वापरणारी आपली नगरपरिषद अग्रेसर ठरेल.

अग्रेसर! गेल्या दोन पावसाळ्यांत जी दाहिनी बंद असल्याची बातमी मी स्वतः तीन वेळा दिली, ती आता अग्रेसर होणार.

मी त्या लेपाचं प्रात्यक्षिक पाहायला सभागृहात हजर होतो. विक्रेत्याने पत्र्याचे दोन तुकडे आणले होते. एकावर प्लास्टिकच्या बादलीतला राखाडी द्रव ब्रशने फासला, दुसरा तसाच ठेवला. दोन्हींवर गॅसची ज्योत धरली. कोरा पत्रा काळा पडला, लेपाचा राखाडीच राहिला. टाळ्या पडल्या. मी विचारलं, "साहेब, यात आयन कुठे आहेत?" ते हसून म्हणाले, "सर, लिक्विडमध्येच आहेत ना." आता आयन तर मिठाच्या पाण्यातही असतात. त्या हिशेबाने माझी आजी रोज आमटीत आयन टेक्नॉलॉजीच टाकत होती म्हणायची.

हसण्यावारी नेलं असतं. पण नेता येत नाही, कारण मागच्या जुलैचा एक दिवस डोक्यातून जात नाही.

आमच्या शेजारच्या काकू गेल्या. जाण्याआधी वर्षभर त्या एकच सांगायच्या, "माझ्यासाठी झाड तोडू नका रे, मला विजेवर द्या." त्यांचा मुलगा पुण्याहून आला. धो धो पाऊस. आम्ही त्यांना घेऊन स्मशानभूमीत पोचलो तर रखवालदार छत्री घेऊन दारातच उभा. म्हणाला, "दादा, कॉइल गेलीय." मग लाकडाची शोधाशोध. वखारीतलं लाकूड ओलं. सरण पेटेना. डिझेल ओतलं, विझलं, पुन्हा ओतलं. ज्या बाईने एका झाडासाठी जीव टाकला होता तिच्या देहाला अग्नी लागायला रात्र झाली. तिचा मुलगा काही बोलला नाही. नुसता बघत होता. त्याची ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री मी नेहमीसारखी चार ओळींची बातमी दिली : "कॉइल जळाल्याने विद्युतदाहिनी बंद, नागरिकांत संताप." तिन्ही वेळा हाच मथळा. एकदाही मी विचारलं नाही की बाबा, ही कॉइल जळते म्हणजे नेमकं काय होतं? तापायलाच केलेली तार जळते कशी?

यावेळी विचारलं. एमआयडीसीत भट्ट्यांच्या कॉइली भरणारे एक मामा आहेत, तीस-पस्तीस वर्षं हेच काम करतात. त्यांच्याकडे आपल्या दाहिनीतला तुटका तुकडा घेऊन गेलो. मामांनी आधी लोहचुंबक लावलं. चिकटलं. "म्हणजे ही निक्रोम नाही," ते म्हणाले. "लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमची तार आहे." मग नखाने तुकडा खरवडला. खपल्या निघाल्या, जखमेवरच्या निघतात तशा. मग दोन बोटांत धरून वाकवला. बिस्किटासारखा मोडला.

"पत्रकार," मामा म्हणाले, "ही जळाली नाही. ही झिजून झिजून संपली. तुम्ही छापता चुकीचं."

खरंय मामा. चुकीचंच छापलं. आता दुरुस्ती करतो.

अशा तारेत साधारण पाच टक्के ॲल्युमिनियम असतं. तार तापली की हे ॲल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि तारेवर एक पातळ, घट्ट खपली धरतं. ही खपलीच तारेचं चिलखत. ती शाबूत आहे तोवर आतला धातू सुरक्षित. पण तार गार झाली की धातू जास्त आकसतो, खपली कमी आकसते. दोघांत ताण येतो आणि खपली तडकते, गळते. पुन्हा तापवली की तार आतल्या साठ्यातून ॲल्युमिनियम काढून नवी खपली धरते. पुन्हा गार, पुन्हा गळती. असं करता करता एक दिवस साठा संपतो. मग उघडं पडतं ते लोखंड, आणि त्या तापमानाला लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. एका जागी तार बारीक होते, तिथेच जास्त तापते, तिथेच तुटते. त्यात आपण देह जाळतो. त्यातून निघणारे क्षार आणि वाफा खपलीवर हल्ला करतात, ते वेगळंच.

म्हणजे तार तापमानाने जितकी मरते त्याहून जास्त ती तापण्या-निवण्याने मरते. यात कसलीही गुप्त विद्या नाही. या तारांच्या आयुष्याची अमेरिकी प्रमाण चाचणी आहे, एएसटीएम बी-७८. त्यात तार दोन मिनिटं तापवतात, दोन मिनिटं निववतात, आणि तुटेपर्यंत हेच करत राहतात. एकसारखी तापवून ठेवत नाहीत. मुद्दाम उघड-बंद करतात, कारण तार त्यानेच लवकर मरते हे चाचणी लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे.

आणि आपण काय करतो? वीजबिल वाचवायला प्रत्येक अंत्यविधीनंतर दाहिनी पूर्ण बंद. पुढचा निरोप आला की थंडगार भट्टी एकदम पूर्ण दाबावर चालू. प्रमाण चाचणीतला छळ आपण नगरपरिषदेच्या खर्चाने रोज करतोय.

आता त्या "रेअर अर्थ"कडे येतो. विक्रेत्याचा शब्द हवेतून आलेला नाही. त्याच्यामागे खरं विज्ञान आहे, आणि ते फार सुंदर आहे. म्हणून तर राग जास्त येतो.

रेअर अर्थ म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. एकूण सतरा. सेरियम, लँथनम, निओडिमियम, इट्रियम वगैरे. नावात दुर्मिळ असलं तरी सेरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकं आहे. पानटपरीवरच्या चाकाच्या लायटरमध्ये जो ठिणगीचा दगड असतो, तो मुख्यतः याच सेरियम गटाच्या धातूंचा आणि लोखंडाचा. तुमच्या खिशात रेअर अर्थ आहे, फक्त त्याचा गवगवा नाही.

१९३७ साली ब्रिटनमध्ये ग्रिफिथ्स आणि प्फाइल या दोघांच्या नावावर एका पेटंटची नोंद झाली. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूत या गटातली मूलद्रव्यं अगदी चिमूटभर मिसळली तर धातू कितीतरी जास्त टिकतो, हा त्याचा गाभा. चिमूटभर म्हणजे टक्क्याचा काही भाग. आमटीतल्या हिंगाएवढं. पुढे कित्येक वर्षं शास्त्रज्ञ भांडत राहिले की एवढ्याशाने एवढा फरक पडतो कसा. आज जे मानलं जातं ते थोडक्यात असं : खपली ही बारीक कणांची बनलेली असते आणि कणांमधल्या फटींतून धातूचे अणू बाहेर निसटत असतात. सेरियम किंवा इट्रियमचे मोठे अणू नेमके त्या फटींत जाऊन बसतात आणि वाट अडवतात. शिवाय धातूत मुरलेला गंधक खपलीच्या तळाशी येऊन तिची पकड सैल करतो, त्यालाही ही मूलद्रव्यं बांधून ठेवतात. परिणाम असा की खपली पातळ राहते, घट्ट राहते, गळत नाही.

मग प्रश्न आला, सगळा परिणाम जर पृष्ठभागावरच होतो, तर ही चिमूट अख्ख्या धातूत कशाला मिसळायची? फक्त कातडीत रोवली तर? इथे आयन रोपण आलं. इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात हे प्रयोग झाले आणि १९७६ साली प्रसिद्ध झाले. तिथल्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्या क्रोमियम आणि निकेल असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या असत, आणि बाहेरून तापलेला कार्बन डायऑक्साइड वायू वाहत असे. शास्त्रज्ञांनी त्या स्टीलच्या पृष्ठभागात इट्रियम आणि सेरियमचे आयन रोवले आणि ते तापवून पाहिलं. ऑक्सिडेशन कमी झालं, खपली टिकली. पुढच्या चाचण्यांत हा फायदा हजारो तास टिकल्याचं दिसलं.

हे "रोवणं" कसं करतात ते मुद्दाम सविस्तर सांगतो. शुक्रवारी सभागृहात बसणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाने हे वाचावं.

आधी एका पोलादी पेटीतली हवा उपसून जवळजवळ पूर्ण निर्वात करायची. एका टोकाला मूलद्रव्याची वाफ करून तिच्या अणूंचा इलेक्ट्रॉन उडवायचा, म्हणजे अणूवर विद्युतभार येतो. हा झाला आयन. मग एक-दोन लाख व्होल्टच्या दाबाने त्याला पळवायचं आणि समोर ठेवलेल्या धातूवर आदळायचं. इतक्या वेगाने आलेला आयन पृष्ठभागावर बसत नाही, आत घुसतो. किती आत? मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, बहुतेकदा त्याहूनही कमी. आपल्या केसाच्या जाडीच्या शेकडो पट कमी. तो थर म्हणजे लेप नव्हे. लेप वरून चिकटतो आणि सुटू शकतो. रोवलेला अणू धातूच्या अंगात असतो, त्याला सुटायला जागाच नाही. याच पद्धतीने सिलिकॉनमध्ये अणू रोवून चिपा बनवतात. तुमच्या हातातल्या मोबाइलच्या पोटात आयन रोपण झालेलं आहे.

मी गणित करून पाहिलं. एक चौरस सेंटिमीटरवर १ वर १७ शून्यं इतके इट्रियमचे अणू रोवायचे, हा अशा प्रयोगांतला भरपूर म्हणता येईल असा डोस. तो एक चौरस मीटरला लावला तर इट्रियम लागतं साधारण ०.१५ ग्रॅम. हो, ग्रॅमचा सातवा हिस्सा! पण तेच काम एक मिलिअँपिअरच्या झोताने करायला वेळ लागतो सुमारे ४४ तास. आणि झोत सरळ रेषेत जातो. जिथे नजर पोचत नाही तिथे आयनही पोचत नाही. स्प्रिंगसारख्या वळवलेल्या कॉइलच्या आतल्या बाजूला तो जाणार कसा?

आता सांगा, यातलं काय त्या बादलीत होतं? निर्वात पेटी? लाख व्होल्ट? ४४ तास? तिथे एक ब्रश होता आणि चहा होता.

मी विक्रेत्यावर अन्याय करणार नाही. सेरियमच्या संयुगांचा नुसता लेप देऊनसुद्धा काही मिश्रधातूंचं ऑक्सिडेशन कमी होतं. त्यावर गंभीर संशोधन झालेलं आहे आणि पद्धत आयन रोपणापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. त्यांच्या बादलीत खरंच सेरियम असेल, तर शक्य आहे की काही फायदा होईल. पण मग त्याला लेप म्हणा, आयन म्हणू नका. आणि दाखवा की कोणत्या तारेवर, किती तापमानाला, किती वेळा तापवून-निववून, लेपाची तार किती टिकली आणि बिनलेपाची किती. पत्र्यावर पाच मिनिटं ज्योत धरणं ही चाचणी नाही, ती जत्रेतली जादू झाली.

आणखी एक गोष्ट, जी त्यांच्या रंगीत माहितीपत्रकात नाही. हार्वेलचं स्टील क्रोमियमच्या खपलीवर जगणारं. आपल्या दाहिनीची तार ॲल्युमिनियमच्या खपलीवर जगणारी. अशा तारेत ती चिमूट धातू वितळवतानाच मिसळलेली बरी, कारण गंधक तारेच्या पोटात असतो आणि तो वर येतच राहतो. नुसत्या कातडीत रोवलेलं तिथे तितकं पुरत नाही. म्हणजे उद्या कोणी खरंखुरं आयन रोपण करून दिलं, तरी आपल्या दाहिनीसाठी ते योग्य औषध ठरेलच असं नाही.

मग योग्य औषध काय? इथेच मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. ते औषध बाजारात कधीचं आहे. चांगल्या प्रतीच्या भट्टीच्या तारेत इट्रियम, झिर्कोनियम असलं काहीतरी चिमूटभर कारखान्यातच घातलेलं असतं. त्या १९३७ च्या कल्पनेचीच ही पुढची पिढी. रेअर अर्थ तंत्रज्ञान हवंय ना? मग चांगली तार घ्या! बादली नको, ब्रश नको, ठराव नको.

पण ती घेतली जात नाही. का? कारण एल-वन. सर्वांत कमी दर ज्याचा, त्याला काम. आपल्या दाहिनीच्या मागच्या निविदेची प्रत मी वाचली. तारेबद्दल त्यात काय आहे? "उत्तम दर्जाची हीटिंग कॉइल पुरविणे व बसविणे." बस्स. मिश्रधातू कोणता, ॲल्युमिनियम किती टक्के, तारेची जाडी किती, सोसण्याचं तापमान किती, किती तास टिकण्याची हमी, एका शब्दाने नाही. "उत्तम दर्जा" हा शब्द असा आहे की त्यात भंगारही बसतं. मग ठेकेदार स्वस्तातली स्वस्त तार आणतो. त्याला तरी दोष का द्यावा? चांगली तार आणणारा आपल्या निविदेत हरतो. नियमच तसा करून ठेवलाय.

समजा एक कॉइल संच शंभर रुपयांचा आणि सहा महिने टिकणारा, दुसरा दोनशे रुपयांचा आणि दीड वर्ष टिकणारा. दीड वर्षात पहिल्यावर तीनशे गेले, दुसऱ्यावर दोनशे. शाळेतलं पोरगं सांगेल कुठला स्वस्त. पण आपल्या कागदावर शंभरवालाच स्वस्त, कारण कागदाला टिकणं कळतच नाही, त्याला फक्त घेणं कळतं. आणि मधल्या काळात दाहिनी बंद राहिली, लोक पावसात डिझेल ओतत बसले, त्याची किंमत कुठल्याच रकान्यात नाही.

मी माहिती मागितली की मागची कॉइल किती तास चालली. उत्तर आलं, अशी नोंद ठेवली जात नाही. दाहिनी चालू केव्हा केली, बंद केव्हा केली, तापमान किती होतं, काही नाही. मग माझा साधा सवाल आहे : कॉइलचं आयुष्य "कैक पटींनी वाढेल" असं टिपणीत लिहिलंय, ते कशाच्या कैक पटींनी? ज्या आयुष्याची नोंदच नाही, त्याची पट काढणार कशी?

काही जण म्हणतील, हा गावच्या दाहिनीचा विषय, त्यात एवढं विज्ञान कशाला. तर ऐका, देशातही हेच चाललंय, फक्त आकडे मोठे.

सध्या जो उठतो तो रेअर अर्थवर बोलतो. चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्यात इट्रियमही होतं. मोटारींच्या कारखान्यांना चुंबकं मिळेनात, तेव्हापासून वाहिन्यांवर रोज चर्चा. आपल्याकडे केवढी वाळू, केवढा खजिना! खजिना आहेच. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांत भारताचे साठे ६९ लाख टन आहेत. पण २०२४ चं आपलं उत्पादन? २,९०० टन. चीनचं २ लाख ७० हजार टन. आणि आयआरईएल (पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स) ही आपली सरकारी कंपनी १९५० सालापासून आहे, मुख्य कार्यालय आपल्याच मुंबईत.

ही गोष्ट जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू जर्मनीला जायची. कशासाठी? गॅसबत्तीच्या जाळीसाठी. लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या फडात जी बत्ती सूं सूं करत जळायची, तिची ती पांढरी जाळी. तिच्यात सुमारे ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि १ टक्का सेरियमचं. त्या एक टक्क्यानेच लख्ख उजेड पडायचा. वाळू आपली, पण ती एक टक्क्याची अक्कल ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखची. पैसा कोणाला मिळाला असेल ते सांगायला नको.

शंभर वर्षांनी आपण पुन्हा वाळूच मोजतोय. टन मोजतोय. आणि वर सांगितलेलं गणित आठवा : चौरस मीटरला ०.१५ ग्रॅम. या खेळात टनांना किंमत कमी आहे. कुठल्या धातूत, किती, कुठे आणि कशी घालायची, हे ज्याला कळतं त्याला किंमत आहे. आपल्या मोनाझाइटमध्ये इट्रियम थोडं असतं, सेरियम भरपूर. सगळे निओडिमियमच्या चुंबकांमागे धावतायत, धावूद्यात, गरजच आहे. पण निओडिमियम काढताना सेरियम आपोआप हातात येतं आणि त्याचं करायचं काय हा जगभरचा प्रश्न आहे. उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूंचं आयुष्य वाढवायला हेच सेरियम उपयोगी पडतं. साखर कारखान्याचे बॉयलर, फाउंड्रीच्या भट्ट्या, औष्णिक वीज केंद्रं, सगळीकडे धातू रोज खपल्या गाळतोय आणि आपण रोज नवा धातू विकत घेतोय.

आयनांचे झोत आपल्या देशात नाहीत असं नाही. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहेत, कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात आहेत. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने धातूची कातडी कडक करणारं तंत्र उद्योगांना दिलेलं आहे. पण त्या प्रयोगशाळा आणि आमच्या मामांचं वर्कशॉप यांच्यामध्ये रस्ताच नाही. मामांना तीस वर्षांत कोणी विचारलं नाही की तार कुठे तुटते. आणि शास्त्रज्ञाला कोणी सांगितलं नाही की एका गावात दर पावसाळ्यात एक दाहिनी बंद पडते. तो रस्ता रिकामा आहे, म्हणून तिथून बादलीवाला येतो.

आता स्वतःबद्दल. प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नगरपरिषदेचं प्रसिद्धिपत्रक आलं : "अणुतंत्रज्ञानाने दाहिनीला नवसंजीवनी." आम्ही ते जसंच्या तसं छापलं. फोटोसकट. मी तेव्हा डेस्कवर होतो. मथळ्यातला "अणु" हा शब्द मला खटकला होता, पण पान सोडायची घाई होती. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा पहिला धडा होता : कोणी सांगितलं, कशावरून सांगितलं, हे विचारा. मी विचारलं नाही. त्याबद्दल वाचकांची माफी मागतो. ही पोस्ट त्या बातमीची दुरुस्ती समजा.

"पत्रकाराला धातूशास्त्रातलं काय कळतं" असं म्हणणारे येतीलच. काही कळत नव्हतं, म्हणून तर तीन वेळा चुकीचा मथळा दिला. पण कळत नाही म्हणून विचारायचं नाही, असा नियम नाही. आणि सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांना तरी कुठे कळत होतं?

नुसती टीका करून थांबणार नाही. मागण्या स्पष्ट लिहितो :

१. लेपाचा विषय तहकूब करा. विक्रेत्याकडून लेपात काय आहे त्याचं रासायनिक विश्लेषण आणि आपल्याच प्रकारच्या तारेवर तापवण्या-निवण्याच्या चाचणीचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागवा. अहवाल चांगला आला तर सर्वांत आधी मी पेढे वाटीन.

२. कॉइलच्या निविदेतून "उत्तम दर्जा" हे शब्द काढा. मिश्रधातूची रचना, तारेची जाडी, कमाल तापमान आणि तासांची हमी लिहा. हमीआधी तुटली तर ठेकेदाराने स्वखर्चाने बदलायची.

३. कॉइल आल्यावर तुकडा कापून तपासणीला पाठवा. फाउंड्रीवाले रोज स्पेक्ट्रोवर धातू तपासून घेतात. कागदावरची तार आणि भट्टीतली तार एकच आहे की नाही ते एका दिवसात कळेल.

४. दाहिनीजवळ दोरीला बांधून एक वही ठेवा. चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, तापमान. वहीला ठराव लागत नाही.

५. थंड भट्टी एकदम पूर्ण दाबाने तापवणं बंद करा. टप्प्याटप्प्याने तापवा. विजेचा खर्च थोडा वाढेल, तो आणि कॉइलचा खर्च एकत्र मांडून बघा.

६. जादा कॉइल संच पावसाळ्याआधी आणून ठेवा. जुलैमध्ये टेंडर काढून जुलैमध्ये कोणाला अग्नी देता येत नाही.

यात कुठेही आयन नाहीत. लाख व्होल्ट नाहीत. वर्तमानपत्रात फोटो येईल असं काहीच नाही. कदाचित म्हणूनच हे इतकी वर्षं झालं नाही.

विज्ञान मोठं आहेच. १ वर १७ शून्यं इतके अणू मोजून धातूच्या कातडीत रोवणारी माणसं मला फार मोठी वाटतात. पण त्यांनी पहिली गोष्ट काय केली? तार किती टिकली ते लिहून ठेवलं. आपण त्यांचा शब्द उचलला आणि ती वही तिथेच सोडली.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सभा आहे. प्रेक्षक कक्ष नागरिकांसाठी खुला असतो. मी कॉइलचा तो मोडलेला तुकडा खिशात घेऊन येतोय. नगरसेवकांनी फक्त नखाने खरवडून बघावं, एवढीच विनंती. काकूंचा मुलगाही येतो म्हणालाय.

तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला ही पोस्ट पाठवा. आणि तुमच्या गावातल्या दाहिनीची शेवटची कॉइल किती चालली ते कोणाला माहीत असेल, तर खाली लिहा. वहीची सुरुवात इथूनच करू.